घोड्याच्या मोझेकसाठी मागवलेली ‘आरपार रंगीत’ काच मागून रंगवलेली निघाली

पॅनल कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीच्या तांबूस-तपकिरी घोड्याचं होतं, ९० बाय १२० सेंटिमीटर. त्यासाठी तपकिरी, तांबूस आणि मधासारख्या रंगाची ४ मिलिमीटर काच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. जाहिरातीत ‘इम्पोर्टेड स्टेन्ड ग्लास, आरपार रंगीत’, म्हणजे रंग पूर्ण जाडीत, असं लिहिलेलं. आधी आलेले नमुन्याचे तुकडे अस्सल होते, निम्मे पैसे आगाऊ गेले ते त्या भरवशावर. मोठ्या पेटीत मात्र साधी फ्लोट काच (खिडक्यांना लावतात ती) भरलेली, मागच्या बाजूने रंग मारलेली. कपाटाच्या आणि मॉड्युलर किचनच्या दारांना लावतात तीच लॅकर्ड ग्लास, चौकोनी तुकडे करून जाळीवर चिकटवलेली. जाळी आणि तिचा गोंद मागच्या बाजूला असतो, त्यामुळे रंगाचा थर त्याखाली लपतो आणि समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

ही बनवाबनवी तांबूस छटांमध्येच जास्त का होते, यालाही कारण आहे. काचेत लाल-नारंगी रंग येतो तो सेलेनियम आणि कॅडमियमच्या संयुगांमुळे. तो माल महाग आणि भट्टीत सांभाळायला अवघड. निळी-हिरवी काच त्या मानाने स्वस्त, तिची नक्कल करून फार काही सुटत नाही. नुकरा, म्हणजे पांढरा घोडा करणारे यातून बरेचसे वाचतात. कुमैत किंवा अबलख (पांढरे आणि रंगीत पट्टे असलेला) करायला घेतला, की फसण्याची शक्यता वाढते.

खरं-खोटं ओळखायला पेटी उघडल्यावर पाच मिनिटं पुरतात. दोन-चार टाइल जाळीवरून सोडवा, निपरने (काच तोडायच्या पकडीने) कोपरा उडवा आणि तुटलेली कड उजेडात धरा. अस्सल काचेत रंग कडेच्या पूर्ण जाडीत दिसतो. रंगवलेल्या काचेची कड पारदर्शक, किंचित हिरवट असते (तो हिरवेपणा लोहाचा) आणि तळाशी रंगाची एक पातळ रेघ तेवढी दिसते. कधी त्या रेघेच्या मागे पांढरा अस्तराचा थरही असतो. मग कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन मागची बाजू घासा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर बाटलीवर ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलेलं नाही ना, ते बघा. ॲसिटोनने रंग निघाला नाही म्हणून माल खरा, असं मात्र नाही. भट्टीत भाजलेला इनॅमलचा थर ॲसिटोनला दाद देत नाही. म्हणून कडेची परीक्षा आधी, ॲसिटोन नंतर. टॉर्च मारून बघायचा सल्ला बरेच जण देतात, पण त्याने फारसं सिद्ध होत नाही, कारण अस्सल स्माल्टीतूनही (मोझेकसाठी बनवलेल्या अपारदर्शक रंगीत काचेतूनही) उजेड पलीकडे जात नाही.

चमकीच्या टाइलचंही तसंच. खऱ्या अॅव्हेंच्युरिन काचेत तांब्याचे कण काचेच्या अंगातच असतात, टाइल कुठूनही फोडा, आत चमक दिसते. नकलेत चमकीची फिल्म मागे डकवलेली असते आणि नखाने सुटते.

आता घोड्याच्या कामात याचा फटका इतका का बसतो ते. मान, खांदा, पुठ्ठा यांची गोलाई दाखवायला तुकड्यांच्या ओळी स्नायूंच्या दिशेने वळवाव्या लागतात. त्यासाठी २० मिलिमीटरच्या एका टाइलचे ५ मिलिमीटरचे १६ तुकडे होतात. अख्ख्या टाइलची कड ८० मिलिमीटर, या १६ तुकड्यांची मिळून ३२०. रंग सुटतो तो कापलेल्या कडेपासून, म्हणजे सुटायला चौपट जागा. निपरचा दाब बसला की कडेचा रंग कपचीसारखा उडतो आणि तुकड्याभोवती फिकी चौकट उमटते. डोळ्याच्या पापणीला किंवा आत वळलेल्या कानाच्या टोकाला लावायच्या त्रिकोणी तुकड्यांवर तर रंग जवळजवळ उरतच नाही. मारवाडी घोड्याची सगळी ओळख त्या कानांत, तिथेच पांढऱ्या रेघा!

पुढचा घोटाळा चिकटवताना. सिमेंटचं टाइल ॲढेसिव्ह ओलं असताना तीव्र अल्कधर्मी असतं. ते रंगाला खालून मऊ करतं. दोन दिवसांनी चाचणीची टाइल उचलली तर काच हातात येते आणि तांबूस चौकोन ॲढेसिव्हवर तसाच राहतो. काच ॲढेसिव्हला धरलेलीच नसते, ती रंगाला धरलेली असते आणि रंगाची पकड गेलेली असते. म्हणून नवा माल आला की चार टाइल सिमेंट बोर्डाच्या तुकड्यावर लावून ४८ तास ओल्या फडक्याखाली ठेवा, मगच खरं काम सुरू करा.

वजनातही मारलं होतं. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे ४ मिलिमीटरची काच १० किलो, ६ मिलिमीटरची १५. पेटीत ६ मिलिमीटरचा माल मिसळला होता. किलोवर भाव ठरलेला असला की अशा मालात तेवढ्याच पैशांत दोन तृतीयांश क्षेत्रफळ मिळतं. घोडा अंदाजे अर्धा चौरस मीटर धरा. ४ मिलिमीटर काच, फटी वजा करून ८५ टक्के भराव, वर ३० टक्के तूट: साडेपाच किलो पुरतात. विक्रेत्याने आठ किलो सुचवले होते, आता कळतं का ते. शिवाय दोन जाड्या शेजारी आल्या की ग्राउट (फटीत भरायचं मिश्रण) पुसताना उंच तुकड्यांच्या कडा हाताला कापतात.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, ‘काच पाण्यात ठेवायची नसते, ॲसिटोन लावाल तर रंग जाणारच.’ जलतरण तलावांना काचेच्या मोझेक टाइल लावतात, त्या वर्षानुवर्षं क्लोरीनच्या पाण्यात असतात! दुसरी सबब, पेटी उघडली, आता परत नाही. म्हणून पेटीवरच्या लेबलपासून कड फोडेपर्यंत एकसलग व्हिडिओ हवाच. ऑर्डरच्या आधी लेखी विचारा: काच पूर्ण जाडीत रंगीत आहे का, मागे रंग किंवा फिल्म नाही ना, जाडी किती? हेच बिलात लिहून मागा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. पैसे फर्मच्या नावाऐवजी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले, तरीही थांबा.

पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. खोट्या मालासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, आणि मालाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. व्यवसायासाठी घेतलेल्या मालावर ‘तुम्ही ग्राहक नाही’ असा आक्षेप येतो. पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्यातून वगळलेला आहे, हे तक्रारीत आधीच लिहा.

हाती पडलेला माल टाकूनच द्यावा असं नाही. लॅकर्ड ग्लास तिच्या जागी वाईट नसते. कोरड्या भिंतीवर, आतल्या खोलीत, अख्ख्या टाइल न कापता पार्श्वभूमीला चालतात. चिकटवायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, आंबट वासाचं सिलिकॉन रंगाला आणि आरशाच्या पाठीला खातं. फटीत पाण्याने कालवायचं ग्राउट भरू नका, इपॉक्सी भरा. अंगणात, फाटकाशेजारी किंवा तबेल्याच्या भिंतीवर आधीच लागलं असेल, तर पावसाळ्याआधी चष्मा आणि जाड हातमोजे घालून पॅनल उतरवा, कारण पाणी शिरल्यावर तुकडे एकेक करून खाली पडतात आणि घोड्याच्या खुराखाली येतात.