चिटो रिफ्युजियम: खानदेशी उन्हाळ्यासकट नऊ महिन्यांचा वापर

जळगावातला २०० लिटरचा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक), खाली ६० लिटरचा संप, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी. दगड-वाळू वजा जाता खरं पाणी २२० लिटरच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.३२ पीपीएम होतं, काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा हिरवी. स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) आधीपासून होता, दर पंधरा दिवसांनी १० टक्के पाणी बदलणंही चालू होतं. नवीन एवढंच केलं: संपाच्या मधल्या कप्प्यात (हाच रिफ्युजियम) दोन ओंजळी चिटोमॉर्फा, म्हणजेच चिटो, हे नायट्रेट-फॉस्फेट उचलणारं धाग्यांचं शेवाळ, वर २४ वॉटचा ग्रो लाइट, आणि तासाला ५०० लिटरच्या आसपास प्रवाह.

लाइट रात्री १० ते सकाळी ८. वरच्या टँकचे दिवे बंद असताना चिटो कार्बन डायऑक्साइड वापरतो, त्यामुळे पहाटे पीएच फार खाली जात नाही. उन्हाळ्यात दिव्याची गरमीही रात्रीच पडते, हा आपल्याकडचा जादा फायदा. कप्प्याच्या तळाला वाळू टाकू नका. चिटोखाली गाळ बसतो, आणि तो सायफनने काढता आला नाही तर रिफ्युजियमच नायट्रेटचा कारखाना होतो.

जानेवारीत नायट्रेट ८ वर आलं, फॉस्फेट मात्र ०.२० वर अडकलं. इथे बरेच जण चिटोला दोष देतात, पण हिशोब वेगळा आहे. समुद्री शेवाळात नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण अणूंमध्ये साधारण ३० ला १ असतं. म्हणजे १० पीपीएम नायट्रेट उचलताना शेवाळ सुमारे अर्धा पीपीएम फॉस्फेटही उचलतं. मग पाण्यातलं फॉस्फेट इतकं कमी का उतरलं? कारण कॅल्शियम कार्बोनेटचे जुने दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं उतरलं की सोडत राहतात. त्यात रोजच्या खाण्याची भर. चेकर (मोजायचं छोटं यंत्र) फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवत असेल तर आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. ६५ म्हणजे ०.२०. हे न करता वाचलेले आकडे घेऊन लोक उगाच घाबरतात.

दगडांतून सुटणाऱ्या फॉस्फेटसाठी फेब्रुवारीत जीएफओ लावला, म्हणजे फॉस्फेट धरणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे. पूर्ण डोस न टाकता फक्त ५० ग्रॅम, आरओच्या पाण्यात तांबूस रंग जाईपर्यंत धुऊन. रिअ‍ॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणारी नळी) दाणे वरवर हलले पाहिजेत, उसळले नाहीत. उसळले तर घासून भुकटी होते आणि पाणी लालसर दिसतं. दर तीन दिवसांनी टेस्ट. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं रीडिंग टँकइतकंच आलं की माल संपला. एका झटक्यात फॉस्फेट ओढलं तर माँटिपोरा प्रवाळाच्या कडा पांढऱ्या पडतात, हॅमर प्रवाळ अंग आत ओढून घेतो, आणि अल्कलिनिटीही (पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद) थोडी घसरते.

मार्चअखेर नायट्रेट १ च्या खाली गेलं आणि वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे आले. ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट फार उतरलं की फोफावणारे एकपेशीय जीव. शून्य हे ध्येय नाही, हे इथे समजतं. जीएफओ काढला, चिटोचा लाइट ६ तासांवर आणला आणि पोटॅशियम नायट्रेट सुरू केलं: २२० लिटरला १ पीपीएमसाठी ०.३६ ग्रॅम. केळीला ड्रिपमधून सोडतात ते १३:००:४५ हेच, कृषी केंद्रात सहज मिळतं. पण खताच्या पिशवीत रंग किंवा इतर धातू किती हे कळत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या.

खरी परीक्षा मे महिन्याची. बाहेर ४५ आणि टँकमध्ये ३०.५ अंश. निरोगी चिटो हातात धरला की भांड्याच्या घासणीसारखा कडक, तारेतारेचा लागतो. उन्हाने खचलेला फिका, लिबलिबीत होतो आणि बोटांना चिकटतो. तो विरघळला की धरलेलं सगळं परत पाण्यात: आठवड्यात नायट्रेट १२. उपाय एकच, गरमी चढण्याआधी अर्धा चिटो काढून टाका. एरवीही दर १०-१२ दिवसांनी तिसरा हिस्सा काढावाच लागतो. गठ्ठा दाटला की खालच्या थराला उजेड मिळत नाही आणि तो कुजतो. काढलेला चिटो झाडांच्या कुंडीत नको, त्यात मीठ असतं.

पाण्यावर मारलेले दोन पंखे कोरड्या मे महिन्यात तीन अंश उतरवतात. त्याच खोलीत पाण्यावर चालणारा एअर कूलर लावला की दमटपणा वाढतो आणि पंख्यांचा असर कमी होतो. पंख्यांमुळे उडालेलं पाणी भरताना फक्त आरओ-डीआय (आरओनंतर डीआय रेझिनमधून काढलेलं) पाणी वापरा, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. घरच्या आरओत टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी मिसळतो, त्यामुळे मेम्ब्रेननंतरची वेगळी लाइन काढून डीआयला जोडा. बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असू शकतं आणि मेम्ब्रेन ते सगळं अडवत नाही; बोअर एकदा तपासाच. लाइट गेल्यावर चिटो काही तास सहज टिकतो, मासे टिकत नाहीत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून बॅटरीचा एअरपंप हवाच. याच कारणाने व्होडका डोसिंग (नायट्रेट खाणारे जिवाणू वाढवायला पाण्यात थोडी व्होडका टाकणं) उन्हाळ्यात टाळलं: वाढलेले जिवाणू तोच ऑक्सिजन खातात.

जूनअखेर नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०७. जीएफओ बंद आहे, ०.१ च्या वर गेलं तरच पुन्हा ५० ग्रॅम.