इंजिन तापलं: नुसतं हेडचं काम करायचं की पूर्ण इंजिन खोलायचं?

मे महिना, खंबाटकीचा चढ, एसी चालू आणि काटा लाल रेघेला टेकलेला. गाडी टो होऊन गॅरेजला पोचली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "गॅस्केट उडालंय, हेड उतरवून फेसिंग मारू." दुसरा म्हणतो, "खोलतोच आहोत तर फुल इंजिन करून टाका." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील, आणि फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. दोन्ही सल्ल्यांच्या खर्चात कितीतरी पट फरक असतो. माझं मत असं की हेडच्या बोल्टाला पाना लागण्याआधी कॉम्प्रेशनचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचे, आकडे लिहून घ्यावेत, आणि मगच पैशाचं बोलावं.

तापल्यावर आधी मार बसतो तो हेडला. अॅल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि ब्लॉकला आवळलेल्या हेडला फुगायला जागा नसते. मग ते वाकतं आणि गॅस्केटची पकड सुटते. नुकसान इथवरच असेल तर हेडचं काम पुरतं. पण गाडी तशीच रेटली असेल, तर सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईलचा थर पातळ होतो, पिस्टन घासतात, पिस्टनवरच्या रिंगांचा ताण जातो. कूलंट ऑईलमध्ये उतरलं असेल तर बेअरिंगचंही खरं नाही.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: काटा लाल झाल्यावर गाडी किती चालवली? इथे एक फसगत होते. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच संपलं तर तो नुसती वाफ मोजतो आणि काटा खाली येऊ शकतो. "मध्येच गार झाली होती" असं सांगणाऱ्याची गाडी कधीकधी सगळ्यात जास्त भाजलेली निघते.

आता तपासणी. पांढरा धूर किंवा ऑईलच्या झाकणाखालची दुधाळ साय एवढ्यावर निकाल देऊ नका. थंड सकाळी धूर सगळ्यांच्याच गाडीतून निघतो, आणि रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणानेही साय धरते. डिपस्टिकवरचं ऑईलच कॉफीसारखं झालं असेल, तर मात्र पाणी आत गेलंय. रेडिएटरच्या तोंडावर लावायच्या टेस्टरमधलं निळं द्रावण पेट्रोल गाडीत पिवळं झालं, तर जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतोय.

कॉम्प्रेशन पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार येतं. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडले असतील तर संशय गॅस्केटवर. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेले, जागचा हलला नाही तर दोष वर, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये. (डिझेलमध्ये हे ऑईल टाकणं टाळा, इंजिनालाच इजा होऊ शकते.)

आकडे वर दोष दाखवत असतील, ऑईल स्वच्छ असेल आणि चालू इंजिनाच्या ऑईल झाकणातून बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली निसटलेला वायू) मारत नसेल, तर मी बेधडक हेडचंच काम करेन. पण ते पूर्ण. लेथवर हेडची सपाटी पट्टी आणि फिलर गेजने मोजून घ्या; बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिमीच्या पुढचा वाक चालत नाही. तडा गेलाय का, तेही प्रेशर देऊन बघायला लावा. हेडचे आवळताना ताणले जाणारे बोल्ट नवेच हवेत. माझ्या आधीच्या गाडीत एका गॅरेजवाल्याने फेसिंग न मारता नवं गॅस्केट बसवलं होतं; दीड महिन्यात तेच काम पुन्हा.

रिंगा गेल्या असतील, बोअरवर ओरखडे दिसत असतील किंवा ऑईल-पाणी एक झाल्यावर गाडी पळवली असेल, तर फक्त हेड करणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं. चांगल्या वरच्या भागामुळे थकलेल्या खालच्या भागाची दुखणी उलट लवकर बाहेर येतात. गाडीची किंमतच कमी उरली असेल तर भंगार बाजारातलं इंजिन हा तिसरा पर्याय, पण त्याचा क्रमांक वेगळा असतो. आरटीओत आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं आलंच.

आणि कोटेशन कुठलंही असो, थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप, रेडिएटर आणि त्याची कॅप यांतलं काय बिघडलं होतं म्हणून गाडी तापली, ते त्यात लिहिलेलं नसेल तर परत पाठवा.