वॉरमॉथची २८⅝ इंची बॅरिटोन नेक : आधी लांबी, मग तार, मग लाकूड

घरात स्ट्रॅट किंवा टेली घडणीची इलेक्ट्रिक गिटार पडून असेल आणि खर्जातला आवाज हवा असेल, तर अख्खी बॅरिटोन गिटार (लांब तारांची, खालच्या सुरात लावलेली) बांधून घेण्याआधी या नेकचा विचार जरूर करावा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली वॉरमॉथ कंपनी ही ‘कन्व्हर्जन नेक’ ऑर्डरप्रमाणे बनवून देते. जुनी नेक (गिटारची मान) काढायची, ही बसवायची. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जागचा हलवावा लागत नाही.

तो का हलवावा लागत नाही, हे समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. स्ट्रॅटची स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी, २५½ इंच. नटच्या बाजूला आणखी दोन फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) जोडले, तर लांबी गणिताने बरोबर २८⅝ इंच येते. म्हणजे २२ व्या फ्रेटच्या जागी आता २४ वा येतो आणि तिथून ब्रिजपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. यातून निघणारी गोष्ट फार उपयोगाची आहे : नेहमीचा १०-४६ चा सेट (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) या नेकवर चढवून सर्वात जाड तार डी ला लावली, तर ताण पूर्वी ई ला होता तेवढाच बसतो. बी ट्यूनिंगला तोच ताण हवा असेल तर साधारण १२-५५, आणि ए ला १३-६२ लागतो. बाजारात बॅरिटोन म्हणून मिळणारा डॅडारिओचा एक सेट १४-६८ आहे. बी ला तो चांगलाच कडक लागतो. जोरात रिदम मारणाऱ्याला आवडेल. ज्याला तार ओढून वाजवायची आहे त्याने सुट्या तारा घेऊन हलका सेट जुळवावा.

आवाजात खरा फरक इथेच पडतो. तीच तार, तोच सूर, पण लांबी वाढली की ताण सुमारे २६ टक्के वाढतो. त्याच सुरासाठी बारीक तार चालते, आणि बारीक तारेचे वरचे स्वरांश कमी बेसूर असतात. २५½ इंचावर जाड तार लावून बी काढला की येणारा गढूळपणा इथे जातो आणि खालच्या तारेवरचा कॉर्डही सुटा ऐकू येतो. त्याखालोखाल पिकअप (तारेचा कंप टिपणारं चुंबक आणि वेटोळं). जास्त आउटपुटचे गरम हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) लावले तर मिळवलेला सुटेपणा पुन्हा हरवतो. मध्यम किंवा कमी आउटपुटचेच घ्यावेत. नेकजवळच्या पिकअपची जाड तारेकडची बाजू खाली उतरवावी. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपासून तारेपर्यंत ४ मिलिमीटरपासून सुरुवात करावी, नाहीतर चुंबक तारेला ओढतं आणि एकाच स्वरात दोन सूर लहरतात.

मग लाकडाचं काय? सॉलिड बॉडी गिटारमध्ये लाकडाने ‘उबदार’ किंवा ‘चमकदार’ आवाज येतो या वर्णनांवर पैसे लावू नयेत. लाकूड निवडायचं ते ताठपणा, वजन आणि हवामान पाहून. बॉडीबाहेरचा भाग जवळपास ८ सेंटिमीटरने लांबतो, त्यामुळे त्याच जाडीची नेक आधीपेक्षा बरीच लवचिक होते. लवचिक नेक काही ठरावीक स्वरांची ताकद शोषून घेते आणि ते स्वर लवकर विझतात. म्हणून पातळ घडण टाळावी, मध्यम ते भरीव घ्यावी. रोस्टेड मेपल हलकं आणि ताठ आहे, दमट हवेत कमी फुगतं. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यासाठी आमची पहिली पसंती तीच. वेंगेही छान ताठ, पण जड. टेलीच्या हलक्या बॉडीवर बसवली तर हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) जमिनीकडे झुकतो. साध्या मेपलला लॅकर हवंच. फिंगरबोर्ड शिसवीचा घ्यायचा की एबनीचा, हे हाताला आणि डोळ्याला पटेल तसं ठरवावं. आपल्याकडची शिसवी जगभर फिंगरबोर्डला वापरली जाते.

ऑर्डर भरताना हीलचा (नेकचा बॉडीत बसणारा भाग) आकार नीट बघावा : स्ट्रॅटची गोल, टेलीची चौकोनी. ट्यूनरच्या (खुंट्यांच्या) भोकांचं मापही आधीच सांगावं लागतं. फ्रेट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, जाड तारा निकेलचे फ्रेट लवकर खातात.

आता उणी बाजू. फ्रेट ठोकून येतात, पण त्यांचं शेवटचं लेव्हलिंग (उंची एकसारखी करणं) आपल्यालाच करून घ्यावं लागतं. हा खर्च धरूनच हिशेब करावा. शिवाय आयातीवरचा कर वेगळा. नटच्या खाचाही नेहमीच्या तारांच्या मापाच्या असतात. जाड तार त्यात अडकली की ट्यूनर फिरवताना ‘टिक’ आवाज येतो आणि सूर उडी मारतो. नटच्या कानशीने खाच तारेपेक्षा जराशी रुंद करावी, तळ मात्र गरजेपेक्षा खोल नेऊ नये.

बसवताना हीलमध्ये स्क्रूसाठी १/८ इंची ड्रिल वापरावं आणि स्क्रूला मेण लावावं. रोस्टेड मेपल ठिसूळ असल्याने अरुंद भोकात चिरतं. नेकला रिलीफ (मधला हलकासा बाक) ०.२५ ते ०.३ मिलिमीटर, १२ व्या फ्रेटवर जाड तार २.२ आणि बारीक १.८ मिलिमीटर उंच ठेवावी. सर्वात जाड तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा सरकता तुकडा) इतकं मागे जातं की स्प्रिंग दाबून संपते. अशा वेळी स्प्रिंग अर्धी कापावी. टेलीच्या तीन सॅडलच्या ब्रिजवर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) नीट जुळत नाही, सहा सॅडलचा घ्यावा. आणि ज्यांच्या स्ट्रॅटला तरंगता ट्रेमोलो (दांड्याने हलणारा, बॉडीपासून उचललेला ब्रिज) आहे त्यांनी जाड सेट चढवण्याआधी मागे पाचही स्प्रिंगा लावून तो बॉडीला टेकवून घ्यावा.