रवाळ की मऊ? वनस्पती तूप डब्यात गोठवावे की चिलरमधून काढावे

टाकीतले तेल एकच असले तरी ते किती वेगाने थंड होते त्यावर माल बदलतो. सावकाश थंड केले की स्फटिकांची मोजकीच बीजे धरतात, तीच फुगत जातात आणि माल रवाळ होतो. झटक्यात थंड केले की असंख्य बारीक स्फटिक पडतात.

डब्यात गोठवण्याला खर्च कमी. तेल 65–70 अंशांवर अर्धा तास ठेवून जुने स्फटिक पूर्ण वितळवायचे, मग डबे भरून थंड खोलीत, मध्ये हवा खेळेल एवढे अंतर सोडून. डबे चिकटवून रचले की गाभा तासन्‌तास गरम राहतो आणि वर तेल सुटते. मिठाईवाल्यांना हा दाणा आवडतो, कारण तो साजूक तुपासारखा दिसतो. खारी-पफला मात्र हा माल चालत नाही: पीठ लाटताना दाणे थर फाडतात.

चिलरमध्ये, म्हणजे आतून पाती फिरणाऱ्या थंड नळकांड्यात, साधारण 50 अंशांचे तेल काही सेकंदांत 18–20 वर येते आणि पाती भिंतीवरचा थर सतत खरवडतात. पाती झिजली की थर साचतो, थंडावा कमी पडतो, मालात गुठळ्या येतात. पुढच्या खिळ्यांच्या मळणयंत्राचा खर्च वाचवू नका. तिथे गोठण्याची उष्णता बाहेर पडते, तापमान काही अंश चढते. ही पायरी गाळली तर गोठणे डब्यात पुरे होते आणि माल दगडासारखा घट्ट होतो. पाम तेल मुळातच सुस्त गोठते, त्याला मळणीत जास्त वेळ द्या. भरलेला माल नंतर 27–29 अंशांवर दोन-तीन दिवस मुरवावा.

कच्चा मालही बघा. विदर्भात सरकी आणि सोयाबीन दोन्ही मिळतात. स्फटिकांची इथे दोन रूपे महत्त्वाची, बारीक बीटा-प्राइम आणि जाड बीटा: घट्ट केलेल्या सरकी तेलाचे स्फटिक बीटा-प्राइम रूपात टिकतात, सोयाबीनचे बीटाकडे झुकतात. निव्वळ सोयाबीनवर चिलर चालवूनही महिन्याभरात माल वाळूसारखा लागू शकतो.

बेकऱ्या गिऱ्हाईक असतील तर चिलर, मिठाई आणि घरगुती विक्री असेल तर डबे. पण नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि वनस्पतीचा वितळणबिंदू नियमानुसार 31 ते 41 अंश. पत्र्याच्या गोदामात दुपारी वितळून रात्री सावकाश गोठलेला चिलरचा मालही रवाळच होणार. म्हणून यंत्राची बयाणा रक्कम देण्याआधी एक डबा गोदामात, एक 25 अंशांच्या खोलीत आठ दिवस ठेवा आणि दोन्ही मधोमध कापून बघा.