दाणे, फ्रोझन की जिवंत किडे? दोन फुटी टँकसाठी काय घ्यायचं

आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी दोन फुटी टँक घेतला. सहा गप्पी, चार मॉली, दोन छोटे एंजल, एक सकर, आणि दुकानदाराने वर पेलेटचा (खाद्याच्या दाण्यांचा) भलामोठा डबा गळ्यात मारला, वर्षभर बघायला नको म्हणे. काका विचारायला आले की एवढ्यावर भागेल का, की ते फ्रोझन, जिवंत किडे वगैरे पण आणायचे? भागेल तसं, मासे जगतील. पण फरक दिसतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी पेलेट आणि फ्लेक्स, कारण रोजचं जेवण तेच राहणार, बाकी सगळं तोंडीलावणं. चांगल्या पेलेटमध्ये व्हिटॅमिन, मिनरल सगळं मोजून घातलेलं असतं, ते ना ब्लडवर्मसारख्या फ्रोझन अळ्यांत मिळतं ना काकडीत. फक्त डब्यावरची यादी वाचा, सुरुवातीलाच फिश मील (माशांची पूड) किंवा क्रिल (कोळंबीसारखा समुद्री जीव) असेल तर घ्या, गहू आणि सोयाच असेल तर ठेवून द्या. आणि मोठा डबा घेऊच नका. एकदा उघडला की व्हिटॅमिन सी कमी होत जातं, तेल खवट होतं, त्यात आपल्याकडचा जुलै-ऑगस्टचा दमटपणा म्हणजे विचारूच नका. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच डबा बरा, स्वस्त पडत नाही पण फेकावाही लागत नाही. साध्या पिशवीत सुटं भरून मिळतं ते मी घेत नाही, कधीचं आहे कोणाला माहीत. फ्लेक्स वर तरंगतात म्हणून गप्पींना सोयीचे, पण पाण्यात पटकन विरघळतात. सकरसाठी बुडणारी गोळी वेगळी आणा, तो काच साफ करून पोट भरतो हा गैरसमज आहे, कित्येक सकर उपाशी मरतात.

फ्रोझनमध्ये मुख्य दोन, ब्लडवर्म आणि आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव). ब्लडवर्म म्हणजे गांडूळ नाही, एका न चावणाऱ्या डासासारख्या माशीची अळी, अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल. एंजल आणि फायटर मासे तुटून पडतात. पण मॉली मूळची शेवाळ चरणारी, तिला रोज हे दिलं तर पोट बिघडतं, आठवड्यातून एकदा थोडंसं खूप झालं. दोन्हीतलं एकच घ्यायचं तर मी आर्टेमिया घेईन, सगळ्यांनाच चालतो. क्यूब तसाच टँकमध्ये टाकू नका, वाटीत टँकचंच पाणी घेऊन वितळवा, गाळणीतून गाळा (गाळणी वेगळी ठेवा, चहाची नको, आमच्याकडे यावरून महाभारत झालंय), ते पाणी फेका आणि मग घाला. अडचण दोनच. दुकानापासून घरापर्यंत ट्रेनमध्ये ते गार राहिलं पाहिजे, आणि घरी फ्रीजर पाहिजे. लाइट जाऊन एकदा पूर्ण वितळलं तर परत गोठवू नका, सरळ टाकून द्या.

जिवंत खाद्य म्हटलं की दुकानात ट्युबीफेक्सची पिशवी पुढे येते. मासे वेड्यासारखे खातात हे खरंय, पण हे किडे सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत काय घेऊन येतील सांगता येत नाही. मी सुरुवातीला आणले होते, नीट न धुता घातले, चार दिवसांत एका एंजलचे पर सडायला लागले आणि गेला. किड्यांमुळेच गेला हे सिद्ध करता येणार नाही, पण मी परत आणले नाहीत. डासांच्या अळ्या पौष्टिक असतात, काहीजण बाल्कनीत बादली ठेवून वाढवतात, तो उद्योग करू नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, एक दिवस लक्ष गेलं नाही की अख्ख्या विंगला ताप.

जिवंतमध्ये भरवशाचं एकच, आर्टेमियाची अंडी घरी फोडणं. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, उलटी बाटली, एअर पंप, २४ ते ३६ तासांत पिल्लं बाहेर. पंप बंद करून बाजूला टॉर्च लावला की सगळी उजेडाकडे गोळा होतात, ओढून घ्यायची, धुवायची, घालायची. खाऱ्या पाण्यात जन्मल्यामुळे गोड्या पाण्यातले रोग सोबत येण्याची भीती कमी. गप्पीची पिल्लं जगवायची असतील तर याला तोड नाही (अर्थात एंजल मोठे झाले की गप्पीची पिल्लं हेच त्यांचं जिवंत खाद्य, काकांना अजून सांगितलेलं नाही). मोठ्या माशांसाठी मात्र एवढा खटाटोप कोण करणार.

स्वयंपाकघरातलं फुकटात पडतं. मटार उकडून, साल काढून, कुस्करून दिला की मॉली आणि गोल्डफिश दोघंही खुश. काकडीची चकती सकरला रात्री द्या, सकाळी काढून टाका. पोळी, ब्रेड, बिस्किट नको, पाणी खराब होतं. मटणाचे तुकडेही नको, ती चरबी माशांना पचत नाही. ताजा जवळा मिळाला तर स्वच्छ धुवून चिमूटभर, अधूनमधून. रंगाचंही यात आलं. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो शेवाळ आणि बारीक जीव खाऊन गुलाबी होतात, माशांचंही तसंच, लाल-केशरी रंगद्रव्य त्यांना अंगात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. म्हणून स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ), क्रिल घातलेल्या खाद्याने रंग खुलतो, पण मुळात पांढरा मासा लाल होईल असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

काहीही द्या, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. न खाल्लेलं सडतं, अमोनिया वाढतो आणि मग दोष फिल्टरला.

तर काकांसाठी माझं मत असं होतं की पाच दिवस पेलेट, त्यात दोन दिवस स्पिरुलिनाचे फ्लेक्स, एक दिवस फ्रोझन आर्टेमिया, एक दिवस उपास. एकटा फायटर असता तर फ्रोझन वाढवायला सांगितलं असतं, गोल्डफिश असते तर मटार. काकांना पटलं, काकूंना नाही. घर शाकाहारी, आइस्क्रीमशेजारी किडे चालणार नाहीत म्हणजे नाहीत. मग फ्रोझन कटाप, त्याऐवजी फ्रीज-ड्राय आर्टेमियाची छोटी डबी, ती कपाटात राहते, फक्त घालण्याआधी दहा मिनिटं पाण्यात भिजवायची, नाहीतर माशांच्या पोटात जाऊन फुगते. डबी कुठल्या कपाटात ठेवायची यावर अजून बोलणी चालू आहेत.