झाकण न उघडता घेतलेला अ‍ॅक्सल

माझ्याकडे २०१२ सालची महिंद्रा थार सीआरडीई आहे. ती हौसेसाठी घेतलेली नाही. सत्तरी तालुक्यातील आमच्या काजूच्या बागेत दुसरी कोणतीही गाडी चढत नाही म्हणून घेतली. वाळपईच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की सुमारे दीड किलोमीटरचा चढ लागतो. खाली जांभ्याचा कातळ, वर सुटी खडी आणि मध्येच पावसाच्या पाण्याने पाडलेले चर. अशा चरावर मागचे एक चाक अधांतरी झाले की ते नुसते गरगर फिरत राहते आणि जमिनीवर टेकलेले दुसरे चाक ढिम्म हलत नाही, हा साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीचा, स्वभावच आहे. काजूच्या हंगामात, मागे बियांची पोती लादलेली असताना, हा प्रकार दिवसातून दोन-दोनदा घडत असे.

यावर खुद्द कारखान्याने काढलेला उपाय मला ठाऊक होता. २०१५ साली थारची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या आसात) ईटन कंपनीचे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे सगळे ज्याला एमएलडी म्हणतात ते, मिळू लागले. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप लॉक होते आणि दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात. गाडी ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असेल तर मात्र ते लॉक होत नाही. माझ्या जुन्या अ‍ॅक्सलमध्ये नुसते आतले डिफरन्शियल बदलायचे तर क्राउन आणि पिनियन या एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी चाकांमधली फट शिमा (पातळ चकत्या) घालून मोजूनमापून बसवावी लागते, आणि ते घरच्या अंगणात करण्याचे काम नव्हे. अख्खा अ‍ॅक्सल बदलणे त्या मानाने सोपे, असा माझा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. चुकले ते पुढे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत जुन्या सामानाच्या एका ऑनलाइन जाहिरातीत ‘२०१६ थार, एमएलडी रिअर अ‍ॅक्सल, पूर्ण’ असे दिसले. विक्रेता बेळगावकडचा होता आणि उत्तम मराठी बोलत होता. अपघातात पुढून चेपलेल्या गाडीचा हा अ‍ॅक्सल असून मागची बाजू शाबूत आहे, असे त्याने सांगितले. त्याने पाच छायाचित्रे पाठवली. त्यांपैकी एकात डिफरन्शियलवरचे झाकण काढलेले होते आणि आत एमएलडी स्पष्ट दिसत होते. शिवाय एक चित्रफीत होती: अ‍ॅक्सल दोन ठोकळ्यांवर ठेवलेला, एका टोकाचा ब्रेक ड्रम हाताने फिरवला की दुसरा उलट दिशेने फिरतो.

मी लगेच हरकत घेतली की हे तर साध्या डिफरन्शियलचे लक्षण आहे. त्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘साहेब, तुम्ही जाणकार आहात म्हणून सांगतो. एमएलडीला लॉक व्हायला शंभर फेऱ्यांचा फरक लागतो. हाताने फिरवून तो पडेल का? हाताने फिरवल्यावर एमएलडी साध्यासारखेच वागणार.’

हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. मीही हेच वाचले होते, आणि आपण वाचलेली गोष्ट समोरच्याच्या तोंडून ऐकली की तो माणूस आपल्याच पंगतीतला वाटू लागतो. त्या चित्रफितीने एमएलडी असल्याचे सिद्ध होत नव्हते आणि नसल्याचेही होत नव्हते. तिचा उपयोग शून्य होता, पण फोन ठेवताना माझी खात्री मात्र पटलेली होती.

किंमत अठ्ठेचाळीस हजार पाचशे ठरली. पन्नास हजारांच्या आत ठेवू, म्हणजे ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन जीएसटी कागदाची) कटकट नको, हे त्यानेच सुचवले आणि मला तो त्याचा व्यवहारीपणा वाटला. माझा जुना अ‍ॅक्सल तो आठ हजारांना परत घेणार होता. पंचवीस हजार मी यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले साडेपंधरा हजार माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोहोचल्यावर. पंधरा दिवसांची वॉरंटी तोंडी होती, आणि तिला एकच अट होती: झाकण उघडायचे नाही. ‘आत तेल भरून सिलिकॉनने सील केलेले आहे. सील तुटले की माझी जबाबदारी संपली.’

इथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. मी ब्रेकचे व्हील सिलिंडर स्वतः उघडतो, चाकांचे बेअरिंग स्वतः ग्रीस करतो आणि घरातला मिक्सर बिघडला तरी दुकानात नेण्याआधी स्क्रू काढून पाहतो, यावरून पत्नीची बोलणीही खातो. असा मी, आयुष्यात एकदाच एखादी वस्तू न उघडता ठेवली, ती ही.

बसवण्याच्या कामाला दोन दिवस लागले. पुतण्या आणि शेजारचा मुलगा मदतीला होते. अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट इतके गंजले होते की रात्रभर तेल मुरवूनही चारपैकी दोन यू-बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले; तसेही ते एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, नवेच घ्यावेत. चासी टेकवण्यासाठी पुतण्याने चिरे रचायला घेतले, तेव्हा मी त्याला थांबवून जॅकस्टँड, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, मागवले. आपल्याकडे चिरा घरोघरी पडलेला असतो आणि तो ठोकळ्यासारखा दिसतो म्हणून लोक सर्रास गाडीखाली लावतात, पण टोकावर भार आला की जांभा काही न सांगता फुटतो आणि त्या वेळी खाली माणूस असतो. मग ब्रेकची नळी, हँडब्रेकच्या केबल, इंजिनाकडची ताकद अ‍ॅक्सलपर्यंत आणणारा प्रोपेलर शाफ्ट, आणि शेवटी ब्रेकमधली हवा काढणे, असे सगळे नीट पार पडले.

नवा अ‍ॅक्सल खाली सरकवताना एक गोष्ट दिसली होती. पाटे ज्या बैठकीवर टेकतात तिच्या कडेने वेल्डिंगची नवी शिवण होती आणि तिच्यावर काळा रंग चकचकीत होता. अपघातातल्या गाडीचा आहे, दुरुस्ती केली असेल, असे मी स्वतःलाच समजावले. जुना अ‍ॅक्सल त्याच संध्याकाळी परतीच्या ट्रकने गेला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चढावर मागचे उजवे चाक उचलले गेले आणि पूर्वीसारखेच गरगरले. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, लॉक होण्याचा झटका येईल म्हणून वाट पाहिली, पण नुसती खडी उडत राहिली. फोन केला तर उत्तर तयार होते: ‘गाडी बरेच दिवस उभी होती ना साहेब, आतल्या क्लच प्लेट बसायला पाचशे किलोमीटर तरी चालवा.’ एमएलडीत क्लच प्लेट असतात, हेही खरेच. पाचशे किलोमीटर व्हायला मला तीन आठवडे लागले आणि पंधरा दिवस केव्हाच उलटून गेले. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

त्याच सुमारास दुसरी व्याधी सुरू झाली. फोर बाय फोर लावून, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, कातळावरून चढू लागलो की स्टिअरिंग जड होई, गाडी कोणी मागून धरल्यासारखी अडे आणि वर पोहोचल्यावर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) दांडा जागचा सुटत नसे. दोन हात रिव्हर्स घेतली की तो खट्‌कन सुटे. सुट्या मातीत हे जाणवत नसे, टणक जमिनीवर हटकून होई.

शेवटी गावातल्या मेस्तांकडे, म्हणजे मेकॅनिककडे, गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि खडू मागितला. मागचे एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलले, उचललेल्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारली, गिअर न्यूट्रलला घेतला आणि मला चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवायला सांगून स्वतः खाली आडवे होऊन शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक स्थिर असेल तर दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत शाफ्ट जितक्या वेळा फिरतो, तेच त्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर. मग त्यांनी तीच मोजणी पुढच्या अ‍ॅक्सलवर केली. दोन्हींत जवळजवळ अर्ध्या फेरीचा फरक निघाला. म्हणजे फोर बाय फोर लावले की पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहत होती आणि त्या दोघांच्या ओढाताणीत ट्रान्सफर केस पिळली जात होती. हा अ‍ॅक्सल माझ्या थारच्या जोडीचा नव्हताच. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा अ‍ॅक्सल आणून, पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करून, तो थारच्या मापाला बसवला होता.

झाकण मेस्तांनीच उघडले. आत साध्या डिफरन्शियलची चार दातेरी चाके होती. तेल मात्र तेलासारखे वाहिले नाही. नाचणीच्या आंबिलीसारखे घट्ट, गठ्ठ्यागठ्ठ्याने पत्र्यात पडले. मेस्तांनी ते दोन बोटांत चोळून मला दाखवले. त्यात लाकडाचा भुसा होता. झिजलेल्या दात्यांचा आवाज काही दिवस दाबण्याची ही जुनी युक्ती आहे. झाकण न उघडण्याची अट कशासाठी होती, ते त्या पत्र्यात दिसत होते. मेस्त एवढेच म्हणाले, ‘हे काम आणल्याच दिवशी पाच मिनिटांचे होते.’

तक्रार करायला मी पुढे दोन आठवडे लावले, आणि त्याचे कारण सांगायला मला लाज वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले आहे. पोलिसांत गेलो तर आरटीओ माझ्याच गाडीची तपासणी लावेल, ही भीती मनात होती. असे सामान विकणाऱ्यांचे अर्धे काम ही भीतीच करते.

ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत कळवले तरच ते वाटेत अडवले जाण्याची आशा असते. माझे जाऊन अडीच महिने झाले होते. तरी तक्रार नोंदवली. तिथे बिल मागितले, ते नव्हते. ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) होती, पण तिच्यावर पाठवणाऱ्याचे नाव भलतेच होते आणि मालाच्या रकान्यात ‘जुने लोखंडी सुटे भाग’ असे लिहिले होते. माल उचलताना मी त्याच बिल्टीवर सही केली होती. कागदावर मला मिळालेली वस्तू आणि सांगितलेली वस्तू यांत काहीच फरक नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण नोटीस पाठवायला नाव आणि पत्ता लागतो, आणि माझ्याकडे होता तो बंद पडलेला फोन नंबर.

मेस्तांनी फोंड्याहून माझ्या जुन्या गाडीच्या जोडीचा साधा अ‍ॅक्सल मिळवून दिला. झाकण तिथेच, विकणाऱ्यासमोर उघडले आणि खडूची मोजणीही तिथेच केली. चढावर मागचे चाक अजून गरगरते. पोती दोन खेपांत आणतो.

ऑगस्टमध्ये, चवथीच्या तयारीच्या गडबडीत, पुतण्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘एमएलडी रिअर अ‍ॅक्सल, पूर्ण’, किंमत सेहेचाळीस हजार, नंबर नवा. झाकण काढलेले तेच छायाचित्र होते, डाव्या ड्रममागच्या पत्र्याला तोच पोचा. माझ्या अंगणात आलेल्या अ‍ॅक्सलला तो नव्हता, आणि हे मी सहा महिन्यांनी पाहत होतो. मी पुतण्याच्या फोनवरून लिहिले की झाकण उघडून, आजचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून चित्रफीत पाठवा. दहा मिनिटांत उत्तर आले: ‘साहेब, सील तुटले तर वॉरंटी राहत नाही.’