सुट्ट्या वाढवायच्या, पण कशा? मराठवाड्यातल्या छोट्या मालकांनी यादी लावण्याआधी

डिसेंबर उजाडला की पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी बोर्डावर लावायची वेळ येते, आणि कुणीतरी हळूच विषय काढतोच, "शेठ, औंदा दोन सुट्ट्या वाढवा की." मी लातूरच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशन शॉपची हजेरी आणि पगारपत्रक सांभाळतो. माणसं तीस. आजूबाजूचे मालकही या दिवसांत येऊन विचारतात की वाढवाव्यात का, आणि वाढवल्या तर कोणत्या. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो.

चार वर्षांपूर्वी वेळ अमावस्येला आम्ही शॉप चालू ठेवलं होतं. ऑर्डर अडली होती, मालकांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. सकाळी साडेआठला मी हजेरीपुस्तक उघडलं, आणि दहा वाजेपर्यंत त्यात नऊ सह्या होत्या. वेल्डर आले होते, पण पत्रा धरायला हेल्पर नव्हते. बेंडिंग मशीनवरचा माणूस औशाकडे रानात गेलेला. रस्ते मोकळे, हॉटेलं बंद. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर गावात नसतंच, रानात असतं. कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पाच पांडव मांडतात, आंबिलाचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ज्याला स्वतःचं रान नाही त्यालाही कुणीतरी आग्रहानं बोलावून नेतं. इकडे शॉपमध्ये दुपारी डबे उघडले तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं. संध्याकाळपर्यंत रोजच्या कामाच्या चौथाईसुद्धा माल निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लाल शाईनं एकवीस खाडे मांडले. तासाभरानं त्या एकवीसमधलाच एक हेल्पर टेबलापाशी आला आणि स्टीलचा डबा पुढं सरकवला. आत भज्जी आणि चार उंडे. "तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं साहेब." त्याचा सहाशे रुपयांचा खाडा मी नुकताच लिहिला होता. तेव्हापासून या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. सुट्ट्या वाढवाव्यात. मात्र यादीत चार तारखा जास्त घातल्या की झालं, असं समजू नये. वाढवण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा भार वेगळ्या खांद्यावर पडतो.

आधी पाया बघा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ ज्यांना लागू होतो, त्यांच्या कामगारांना वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. याशिवाय ८ दिवस किरकोळ रजा, आणि वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा. कारखान्यांत सणाच्या सुट्ट्यांचा आकडा बहुधा करारातून नाहीतर रिवाजातून येतो, पण आपल्याकडे बहुतेक जण याच आठाला धरून चालतात.

शेजारच्या घरातलं चित्र वेगळं असतं. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्या बदल्यात रोजचं काम पाऊण तासानं वाढलं, हे खरं. वर सार्वजनिक सुट्ट्या वर्षाला चोवीसच्या आसपास. एक भाऊ कलेक्टर कचेरीत आणि दुसरा एमआयडीसीत, अशी घरं मराठवाड्यात गल्लोगल्ली आहेत. रविवार आणि आठ सुट्ट्या वजा केल्या तर कारखान्यातल्या भावाचे ३०५ दिवस भरतात, शनिवार-रविवार आणि चोवीस सुट्ट्या वजा जाता कचेरीतल्या भावाचे २४० च्या आसपासच. कामगार सुट्टी मागतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं हे घर असतं. कारखाना कचेरीसारखा चालवता येत नाही, हे त्यालाही कळतं. पण आठावर गाडं कायमचं अडकावं, हेही रास्त नाही.

आता खर्च. आमच्याकडचा सरासरी पगार महिना १५,६०० धरा. २६ दिवसांनी भागलं की रोज ६००. तीस माणसांची एक पगारी सुट्टी म्हणजे १८,०००, चार सुट्ट्या म्हणजे ७२,०००. वर्षाचा पगारखर्च ५६ लाखांच्या वर जातो, त्याच्या शेकडा सव्वा टक्का. बुडालेलं उत्पादन वेगळं, आणि ते प्रत्येकानं स्वतःच्या ऑर्डरबुकावरून मोजावं. पण हिशेब करताना वेळ अमावस्येसारखे दिवस निराळे काढा. त्या दिवशी शॉप उघडं ठेवून आम्ही नऊ जणांचे ५,४०० दिले. सुट्टी दिली असती तर १८,००० गेले असते. म्हणजे खरा फरक १२,६०० चा. त्यातून वीज, सुपरवायझरचा दिवस आणि पुढचा आठवडाभर धुसफुसणारी माणसं वजा करा, मग ठरवा.

पहिली वाट म्हणजे यादीत ठरलेल्या तारखा वाढवणं. सगळ्यांत सोपी, आणि सगळ्यांत लवकर आटणारी. २०२५ साल आठवा. २६ जानेवारी रविवारी आला, आणि २ ऑक्टोबरलाच दसरा. ज्यांच्या चार सणांत दसरा होता त्यांच्या आठातल्या दोन सुट्ट्या बसल्या जागी गेल्या. आषाढी आणि मोहरमही त्या वर्षी एकाच दिवशी, तेही ६ जुलैच्या रविवारी. २०२६ मध्ये १ मे आणि बुद्ध पौर्णिमा एकाच दिवशी. म्हणून तारखा वाढवणार असाल तर 'रविवारी किंवा दुसऱ्या सुट्टीवर आली तर बदली सुट्टी' एवढी एक ओळ यादीखाली लिहाच. ती नसेल तर दिलेल्या सुट्टीचा आकडा कागदावर राहतो आणि डिसेंबरात भांडण होतं.

दुसरी अडचण निवडीची. जागा चार, आणि दिवस किती बघा. पाडवा, पोळा, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, भाऊबीज, दोन्ही ईद, १४ एप्रिल. संभाजीनगरात १४ जानेवारी, कारण १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेल्यापासून, म्हणजे नामविस्तारानंतर, त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटपाशी लोटणाऱ्या गर्दीत आपलेही कामगार असतात. नांदेडला गुरुद्वाऱ्याचा होला मोहल्ला, पैठणकडे नाथषष्ठी, तुळजापूरच्या बाजूला नवरात्र. यादी मताधिक्यानं ठरवली की शॉपमधले चार-पाच जण दरवर्षी हरतात, आणि तेही तेच ते. हे मला मान्य नाही. सण हा हात वर करून ठरवायचा विषय नाही.

तरी दोन दिवस सगळ्यांना मिळून द्यावेत असं माझं ठाम म्हणणं आहे. एक तुमच्या गावाचा, ज्या दिवशी गाव तसंही बंद असतं. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या, इतरत्र पोळा किंवा गावची जत्रा. दुसरा १७ सप्टेंबर. १९४८ साली याच तारखेला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. देशाचं स्वातंत्र्य आपल्या दारात यायला वरचे तेरा महिने लागले, आणि राज्याच्या सर्वसाधारण सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस नाही. आपल्या आजोबांनी हे भोगलंय, यादी करताना आपण विसरू नये. आणि योगायोग असा की उत्तरेकडचे कामगार विश्वकर्मा पूजाही बहुतेक १७ सप्टेंबरलाच करतात. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, वाळूजच्या मशीन शॉपमध्ये बिहार-उत्तर प्रदेशची माणसं आहेतच. सकाळी झेंडावंदन, मग यंत्रांना हार-कुंकू, आणि सुट्टी. दोघांचाही मान एका दिवसात राहतो.

दुसरी वाट ऐच्छिक सुट्ट्यांची. दहा-बारा दिवसांची यादी लावायची आणि ज्यानं त्यानं त्यातले तीन निवडायचे. मला हीच सगळ्यांत पटते. शॉप बंद पडत नाही आणि ईद असो, जयंती असो की महालक्ष्म्या, कुणाला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. बायका जिथं कामाला आहेत तिथं तर हीच द्या. महालक्ष्म्यांचे तीन दिवस घरातली बाई कामावर येऊ शकत नाही, आली तरी पहाटे तीनला उठून सोळा भाज्या चिरून आलेली असते, आणि यादीत बहुधा सुट्टी असते ती गणेश चतुर्थीची.

पण ऐच्छिक सुट्टी नावाला उरू शकते. अर्ज केला की "आज लोड आहे, पुढच्या वेळी बघू." असं दोनदा झालं की कामगार अर्जच करत नाही, सरळ खाडा करतो. त्यावर उपाय जानेवारीतच निवड लिहून घेणं हा आहे. नाव, तीन तारखा, सही, आणि तोच कागद भिंतीवर. एका मशीनवरच्या दोघांनी एकच दिवस निवडला तर ते जानेवारीतच दिसतं, तेव्हाच बसून सोडवता येतं. एकदा लागलेली तारीख मालकानं मोडायची नाही. मोडावीच लागली तर दुप्पट रोज आणि वर बदली सुट्टी.

तिसरी वाट, हक्काच्या रजेत दिवस वाढवणं. स्थानिक माणसाला याचं फार अप्रूप नसतं, पण परप्रांतीय कामगाराला सुटी-सुटी एकेक सुट्टी काय कामाची? गोरखपूर किंवा छपऱ्याला जायला-यायलाच तीन-चार दिवस लागतात. त्याला दिवाळी-छठला सलग पंधरा दिवस हवे असतात, आणि ते मिळाले की तो ठरल्या तारखेला परत येतो. जालन्यासारख्या ठिकाणी भट्टी सगळ्यांसाठी एकदम बंद ठेवणं महाग पडतं, तिथं आळीपाळीनं जाणारी ही रजा ठरावीक सुट्टीपेक्षा मालकालाही परवडते.

चौथी वाट पैशाची. सुट्टी वाढवायची नाही, सणाला काम करून घ्यायचं आणि दुप्पट द्यायचं. तरुण पोरांना हे आवडतं, हे मी पाहिलंय, विशेषतः हप्ते चालू असलेल्यांना. पण आस्थापना कायद्याखालच्या ८ दिवसांत काम करून घेतलं तर दुप्पट रोज आणि वर बदली सुट्टी असं दोन्ही द्यावं लागतं. पैसे दिले म्हणजे सुट्टी फिटली असं होत नाही. आणि मतदानाच्या दिवशीची पगारी सुट्टी तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मधूनच येते. ती कुणाच्या यादीत धरू नका आणि तिचा उपकारही सांगू नका.

हे सगळं कायम कामगारांचं झालं. माझ्या पोटात जे जास्त दुखतं ते पुढचं. इथं येण्याआधी मी एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडे हजेरी लिहायचो. त्या वर्षी कारखान्यानं दोन सुट्ट्या वाढवल्या. गेटवर पेढे वाटले. महिनाअखेर कायम कामगारांचे पूर्ण पैसे आले, आणि आमच्या ठेक्यातल्या साठ माणसांचे दोन-दोन रोज कमी. गेट बंद म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पैसे नाहीत. परभणीकडचा एक मुकादम मला म्हणाला, "साहेब, ही सुट्टी आमाला नगं. तेंची सुट्टी आमच्या चुलीवर यायली." मी मालकांना विचारलं तर उत्तर आलं, ठेकेदाराचा प्रश्न आहे. ठेकेदार म्हणाला, बिलात तरतूद नाही. दोन महिन्यांनी मी ती नोकरी सोडली.

म्हणून तुमच्याकडे ठेक्याची किंवा रोजंदारीची माणसं असतील तर सुट्टी वाढवण्याआधी ठेकेदाराच्या बिलात तेवढ्या पगारी सुट्ट्या वेगळ्या मांडून घ्या. तेवढी ऐपत नसेल तर चार सुट्ट्या काही जणांना देण्यापेक्षा दोनच द्या, पण गेटातून आत येणाऱ्या प्रत्येकाला पगारी द्या.

बाकी जो तो आपलं काम बघून ठरवेल. वाळूजला मोठ्या वाहन कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्यानं आधी त्या कंपनीची सुट्ट्यांची यादी मागवावी. तिची लाइन चालू असताना आपण बंद राहिलो तर दंड बसतो, आणि ती बंद असताना आपण चालू राहिलो तर गोदाम भरतं. बाजारातल्या कापड दुकानदाराला दिवाळीच्या आठवड्यात सुट्टी देता येणार नाही, पण लग्नसराई संपल्यावर, आषाढात, तो सलग चार दिवस सहज देऊ शकतो. दवाखाने आणि पेट्रोल पंप यांना ऐच्छिक सुट्टीशिवाय दुसरी वाट नाही.

आमच्या शॉपसाठी यंदा मी मालकांपुढं जो कागद ठेवला त्यात नेहमीच्या आठ, त्यावर वेळ अमावस्या आणि १७ सप्टेंबर सगळ्यांना, आणि प्रत्येकाला दोन ऐच्छिक सुट्ट्या आहेत. शेवटच्या ओळीत लिहिलंय की हे सगळं हेल्परना, गेटवरच्या वॉचमनला आणि झाडूवाल्या मावशींनाही पगारी लागू. मालकांनी ऐच्छिक दोनाच्या एक केली आणि बाकी कागदावर सही केली. मावशींना वाचता येत नाही. त्यांना बोर्डापाशी नेऊन सुट्ट्या वाचून दाखवल्या, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पैसे कापणार न्हाईत ना?" आणि मग महालक्ष्मीची तारीख लिहायला सांगितली.